टंगस्टेट फॉस्फर फिका पडतो, दर बॅचला वेगळाच चमकतो: दोष कुठे शोधायचा

फॉस्फर म्हणजे अतिनील प्रकाश शोषून दिसणारा उजेड देणारी पावडर. तिच्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. युरोपियम घातलेलं कॅल्शियम टंगस्टेट केलं, पावडर पांढरी आली, एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीचा) आलेख प्रमाणित नोंदीच्या कार्डाशी जुळला, पण अतिनील दिव्याखाली धरल्यावर लालऐवजी मरगळलेला गुलाबी उजेड दिसला. उन्हाळ्यातली बॅच बरी होती, जूननंतरची फिकी. मग डोपंट (चमकेसाठी थोडं मिसळलेलं मूलद्रव्य, इथे युरोपियम) वाढवायला सुरुवात होते. ५ टक्क्यांचे ८ होतात, ८ चे १०, आणि युरोपियम ऑक्साइडची महागडी बाटली तळाला जाते.

डोपंटच्या प्रमाणाकडे सगळ्यात शेवटी जावं. आधी दिवा, तराजू, भट्टी आणि पाणी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा पदार्थ घेणाऱ्यांनी तर पाऊस, बोअरचं पाणी, तांबडी धूळ आणि मधेच जाणारा करंट, या चौघांना आधी नजरेखालून घालावं.

दोन दिव्यांची परीक्षा

कॅल्शियम टंगस्टेट काही न घालताही चमकतं. १८९६ मध्ये एडिसनने क्ष-किरणांच्या पडद्यासाठी हाच पदार्थ घेतला होता. त्यातला टंगस्टेट गट साधारण २४० ते २७० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो आणि ४२० ते ४३० च्या आसपास शिखर असलेला रुंद निळा पट्टा देतो. युरोपियम घातलं की हा गट आपली बरीचशी ऊर्जा युरोपियमला देतो आणि ६१५ च्या आसपास लाल रेषा येते. युरोपियमला थेट उत्तेजित करण्याची वाटही आहे: ३९५ आणि ४६५ नॅनोमीटर. म्हणजे एकाच लाल उजेडाकडे जायला दोन रस्ते आहेत, आणि त्यातला कुठला बंद पडलाय ते आधी पाहायचं.

यासाठी प्रत्येक बॅचबरोबर त्याच भट्टीत १ ग्रॅम डोपंट नसलेलं कॅल्शियम टंगस्टेटही भाजावं. मग दोन्ही नमुने आधी २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली आणि नंतर ३९५ च्या एलईडी टॉर्चखाली धरावेत.

साधा नमुना २५४ खाली ठसठशीत निळा दिसला तर दिवा आणि भट्टी ठीक आहेत. डोपंटच्या बाजूला बघा. साधा नमुनाच काळवंडलेला असेल तर युरोपियमचा काही संबंध नाही. भाजणीत गडबड आहे किंवा लोखंडाची भेसळ झालीय. डोप केलेला नमुना ३९५ खाली चांगला लाल आणि २५४ खाली फिका असेल तर युरोपियम जाळीत (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीत) बसलंय, पण होस्टकडून (मूळ टंगस्टेटकडून) त्याच्यापर्यंत ऊर्जा पोचत नाही, किंवा दिवाच दुबळा आहे. ३९५ खालीही फिका असेल तर वजनात चूक आहे किंवा युरोपियम जाळीत शिरलेलंच नाही.

स्वस्त टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतो की खालचं लाल दिसत नाही. डोळ्यांसमोर लाल जिलेटिन पेपरची दुहेरी घडी धरली की दिसतं.

दिव्याचे घोटाळे

नोटा तपासायचा दिवा ३६५ नॅनोमीटरचा असतो. त्याखाली साधं कॅल्शियम टंगस्टेट चमकत नाही आणि चमकायलाही नको. प्रयोगशाळेतल्या टीएलसीच्या (थर-क्रोमॅटोग्राफीच्या) अतिनील पेटीत दोन बटणं असतात. २५४ लिहिलेलं दाबा.

दुसरा घोटाळा काचेचा. पावडर काचेच्या पेट्री डिशमध्ये ठेवून वर झाकण, किंवा दोन स्लाइडमध्ये दाबलेली. साधी काच २५४ चा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. झाकण काढलं की मेलेला फॉस्फर जिवंत होतो. क्वार्ट्झची चकती नसेल तर पावडर उघडी ठेवा.

तिसरा, पांढरा कागद. प्रिंटरच्या कागदात आणि धुतलेल्या ॲप्रनमध्ये उजळवणारी रसायनं असतात आणि ती अतिनील प्रकाशात निळी चमकतात. अशा कागदावर टाकलेली पावडर पाहून 'निळा पट्टा आला' असं वहीत लिहिलं जातं. मॅट काळ्या कार्डावर पाहा, आणि कार्ड आधी रिकामं दिव्याखाली धरून तपासा.

दिव्यावरची काळी फिल्टर काच जुनी झाली की २५४ चा प्रकाश कमी सोडते, दिवा पेटलेला दिसला तरी. आणि हा प्रकाश डोळ्यांना नि कातडीला भाजतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच बघावं.

भट्टीतून नुकतीच काढलेली गरम पावडर दिव्याखाली धरू नये. कॅल्शियम टंगस्टेटची चमक तापमान वाढलं की मंदावते, म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी. लेड टंगस्टेटमध्ये हा परिणाम आणखी तीव्र आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात त्याचे ७५,८४८ स्फटिक बसवलेत आणि दर अंशाला उजेड सुमारे २ टक्क्यांनी बदलतो, म्हणून ते सगळे १८ अंशांवर बारकाईने स्थिर ठेवावे लागतात.

वजनं

५ ग्रॅम पदार्थासाठी, ५ टक्के युरोपियम आणि तेवढंच सोडियम धरून:

कॅल्शियम कार्बोनेट १.५३९ ग्रॅम
टंगस्टन ट्रायऑक्साइड ३.९६१ ग्रॅम
युरोपियम ऑक्साइड ०.१५० ग्रॅम
सोडियम कार्बोनेट (निर्जल) ०.०४५ ग्रॅम

बेरीज ५.६९५ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड उडून गेला की ५ उरतात. भाजण्याआधी आणि नंतर क्रुसिबलचं वजन करा. घट साधारण ०.७० ग्रॅम आली पाहिजे. ०.९ आली तर कच्च्या मालात पाणी होतं. ही दोन मिनिटांची तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग एक्सआरडीच्या रांगेत महिना घालवतात.

सर्वांत जास्त होणारी चूक युरोपियम ऑक्साइडची. एका रेणूत दोन युरोपियम असतात, म्हणून ०.०५ मोल युरोपियमला ०.०२५ मोल ऑक्साइड लागतं. हे विसरलं की ५ च्या जागी १० टक्के पडतं आणि सोडियम अर्धंच राहतं. युरोपियमऐवजी टर्बियम घेतलं तर त्याच्या तपकिरी ऑक्साइडमध्ये एका रेणूत चार टर्बियम असतात, त्यामुळे तिथला भागाकार वेगळा. ते नायट्रिक आम्लात सहज विरघळत नाही. थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की विरघळतं.

सोडियम कशाला? कॅल्शियमवर दोन धन प्रभार, युरोपियमवर तीन. जास्तीचा एक प्रभार भरून काढला नाही तर स्फटिक स्वतःच कॅल्शियमच्या जागा रिकाम्या ठेवून हिशेब जुळवतो, आणि अशा रिकाम्या जागा ऊर्जा गिळतात. दोन कॅल्शियम काढून एक युरोपियम आणि एक सोडियम बसवलं की हिशेब मिटतो. लिथियमही चालतं. आकाराने सोडियम कॅल्शियमच्या जवळचं: आठ शेजारी असताना कॅल्शियमची त्रिज्या १.१२ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.१८, लिथियमची ०.९२.

आता पावसाळा. जूनपासून खानापूर-जांबोटीकडे हवा इतकी दमट असते की सोडियम कार्बोनेटची बाटली आठवडाभर सैल राहिली तरी आत गुठळ्या होतात. एक पाण्याचा रेणू चिकटलेलं सोडियम कार्बोनेट निर्जल समजून मोजलं तर सोडियम सुमारे १५ टक्के कमी पडतं. कॅल्शियम नायट्रेट तर त्याहून वाईट: झाकण नीट नसेल तर बाटलीतच पाणी सुटून लगदा होतो, आणि त्या लगद्याचं वजन करण्यात अर्थ नाही. उपाय सोपा आहे. सोडियम कार्बोनेट २५० अंशांवर दोन तास, कॅल्शियम कार्बोनेट ११० वर दोन तास, युरोपियम ऑक्साइड ९०० वर तासभर तापवा. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि त्याच दिवशी वजन करा. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आधी ती ओव्हनमध्ये तापवून निळी करा. लॅन्थॅनम ऑक्साइड वापरत असाल तर हे टाळूच नका. ते हवेतलं पाणी घेऊन हायड्रॉक्साइड होतं.

तराजू तीन दशांशांचा असेल तर ०.०४५ ग्रॅम सोडियम कार्बोनेटात एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे दोन टक्क्यांवर गेली. चार दशांशांचा मिळत नसेल तर बॅच १० ग्रॅमची करा.

भट्टी आणि करंट

मिश्रण अगेटच्या (कठीण अकीक दगडाच्या) खलात ॲसिटोन घालून तासभर घोटा. पहिली भाजणी ६०० अंशांवर ५ तास. थंड झाल्यावर पुन्हा घोटून ९०० ते ९५० वर ८ तास, क्रुसिबलवर झाकण ठेवून. तापमान चढवण्याचा वेग मिनिटाला ५ अंश. १००० च्या वर बराच वेळ उघडं ठेवलं तर टंगस्टन ऑक्साइड थोडं थोडं उडतं आणि कॅल्शियम जास्त झालेली वेगळी संयुगं डोकं वर काढतात. मधलं घोटणं वगळू नका. ते वगळलेल्या पावडरीत हमखास पिवळे ठिपके दिसतात.

भाजणी चालू असताना करंट गेला तर बॅच फेकायची गरज नाही. पहिल्या टप्प्यात गेला तर पुन्हा घोटा आणि पुन्हा भाजा. शेवटच्या टप्प्यात गेला तर फक्त ९०० च्या वर काढलेले तास मोजा आणि उरलेले नंतर भरा. पण प्रोग्रामरची एक सेटिंग आधी पाहून ठेवा: करंट परत आल्यावर तो जिथे थांबला तिथून पुढे जातो, पहिल्यापासून सुरू करतो की बंदच राहतो. रात्रभर भाजणी लावून सकाळी उघडताना हे ठाऊक हवं. दुसरी सेटिंग 'होल्ड-बॅक'ची. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की भट्टी ८०० वर रेंगाळते, पण टायमर ८ तास मोजून मोकळा होतो. होल्ड-बॅक चालू असेल तर तापमान गाठेपर्यंत टायमर थांबतो.

डिस्प्लेवर ९०० दिसतं म्हणजे क्रुसिबलजवळ ९०० असेलच असं नाही. तापमान मोजणाऱ्या जुन्या के-टाइप थर्मोकपलमध्ये बरीच चूक निघू शकते. शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळतं. छोट्या अॅल्युमिना क्रुसिबलमध्ये चिमूटभर मीठ नमुन्याच्याच जागी ठेवा, भट्टी ७९० वर १५ मिनिटं धरा, थंड करून पाहा. दाणे सुटे असले पाहिजेत. मग नवीन मीठ घेऊन ८१५ वर. आता काचेसारखा थेंब व्हायला हवा. ७९० लाच थेंब झाला तर भट्टी दाखवते त्याहून गरम आहे. ८१५ लाही दाणे सुटे राहिले तर थंड. १० अंशांच्या पायऱ्यांनी चूक किती तेही कळतं.

क्रुसिबल अॅल्युमिनाचीच घ्या. चिनी मातीच्या क्रुसिबलला सोडियम कार्बोनेट खातं. आणि खानापूरच्या कौलभट्टीत नमुना भाजून घेण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी नको. लाकडाच्या धुरात ऑक्सिजन कमी पडतो, आणि टंगस्टेटला नेमका तोच लागतो.

रंग पाहून ओळख

पिवळसर झाक म्हणजे टंगस्टन ऑक्साइड उरलंय. एक्सआरडीत २३.१, २३.६ आणि २४.४ अंशांच्या कोनांना तीन शिखरं दिसतील. कॅल्शियम टंगस्टेटचं मुख्य शिखर २८.७ च्या आसपास असतं. पुन्हा घोटून पुन्हा भाजा.

राखाडी म्हणजे दोन शक्यता. सायट्रिक आम्ल किंवा युरिया जाळून केलेल्या पावडरीत कार्बन राहतो. भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवून ७०० वर ४ तास दिले की तो जातो. तरी राखाडी राहिली तर ऑक्सिजनची कमतरता आहे. पावडर उथळ पसरून ८०० वर, मोकळ्या हवेत, ६ तास द्या. खोल क्रुसिबलमध्ये तळापर्यंत हवा पोचत नाही. वरचा थर पांढरा आणि खालचा राखाडी दिसला तर हेच कारण.

तपकिरी किंवा मातकट झाक दिसली तर लोखंड, आणि हे सगळ्यात त्रासदायक. लोखंड अगदी थोडं असलं तरी ऊर्जा ओढून घेतं आणि उजेड न देता उष्णता करतं. दोन्ही दिव्यांखाली फिकेपणा असण्याचं हे नेहमीचं कारण. ते येतं इथून: गंजलेला स्टीलचा चमचा, स्टीलचे गोळे असलेला बॉल मिल, भट्टीच्या छतातून गळणारे कण आणि धूळ. आपल्याकडची तांबडी माती लोहयुक्तच आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे फाउंड्रीची बारीक धूळ हवेत असते. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून तासभर खल चालवला की काय पडतं ते पांढरा ओला कागद शेजारी ठेवून पाहा. खल आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने पुसा, नंतर डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी टंगस्टन ऑक्साइडची चिमूट घोटून फेकून द्या. प्लॅस्टिकचे चमचे वापरा. एकदा लोखंड जाळीत शिरलं की ते भाजून निघत नाही. ती बॅच सोडायची.

मॉलिब्डेनमची भेसळ असेल तर निळा पट्टा पिवळट-पांढऱ्याकडे सरकतो. टंगस्टन ऑक्साइड स्वस्त प्रतीचं असेल तर ही शंका घ्या.

पाण्यातून साका पाडत असाल तर

घोटण्याऐवजी द्रावणातून साका (तळाशी बसणारी न विरघळणारी पावडर) पाडण्याचीही पद्धत आहे. सोडियम टंगस्टेटच्या द्रावणात कॅल्शियम-युरोपियमचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. ०.०२ मोलसाठी: सोडियम टंगस्टेट डायहायड्रेट ६.५९७ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. दुसरीकडे कॅल्शियम कार्बोनेट १.८०२ ग्रॅम आणि युरोपियम ऑक्साइड ०.१७६ ग्रॅम पातळ नायट्रिक आम्लात. हे दुसरं द्रावण जवळजवळ कोरडं होईपर्यंत आटवा आणि पुन्हा पाण्यात घ्या. ही पायरी वगळली की उरलेलं आम्ल पीएच खाली ओढतं, टंगस्टेटचे मोठे गुंते तयार होतात आणि साका पिवळट पडतो. पीएच ८ ते ८.५ ठेवा. त्याहून बराच वर गेला तर युरोपियम हायड्रॉक्साइड होऊन वेगळं पडतं. पावडर पांढरीच दिसते, पण ३९५ च्या टॉर्चखाली मरतुकडी.

बोअरचं पाणी नको. चिकोडी-अथणीकडच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. ते टंगस्टेटशी जुळतं आणि तुमचं ५ टक्क्यांचं गणित कोसळतं. बॅटरीच्या दुकानातलं 'डिस्टिल्ड' पाणीही टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासा. १-२ च्या वर दाखवलं तर ठेवून द्या. साका चार-पाच वेळा धुवा. सोडियम क्लोराइड किंवा नायट्रेट उरलं तर पावडर भाजताना दगडासारखी बसते. ११० वर वाळवून ७०० वर ४ तास भाजल्याशिवाय मोजणी करू नका. पृष्ठभागाला चिकटलेले पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे अंश युरोपियमची ऊर्जा कंपनांत घालवतात. या पद्धतीत किती सोडियम जाळीत जातं यावर ताबा राहत नाही, म्हणून घटकांच्या नेमक्या प्रमाणाचा अभ्यास करायचा असेल तर घोटून-भाजूनच करावं.

स्पेक्ट्रमवर विश्वास ठेवण्याआधी

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, भूतरामहट्टीला असो वा धारवाडला, मोजणीला नमुना पाठवताना साधा नमुनाही सोबत द्या. आलेख आला की तीन गोष्टी बघा.

२७० ने उत्तेजित केलं तर ५४० ला टोकदार शिखर येऊ शकतं. ते टर्बियमच्या ५४५ च्या रेषेसारखं दिसतं, पण असतं उत्तेजक प्रकाशाचंच दुप्पट तरंगलांबीवरचं भूत. उत्तेजना २६५ करून पाहा: शिखर ५३० ला सरकलं तर भूत, जागेवर राहिलं तर टर्बियम. योग्य लाँगपास (फक्त लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडणारा) फिल्टर लावला की भूत जातं. झेनॉन दिव्याची स्वतःची एक रेषा ४६७ च्या आसपास असते. दुरुस्ती न केलेल्या उत्तेजन-आलेखात ती युरोपियमच्या ४६५ शी मिसळते. साध्या नमुन्यातही ती दिसली तर दिव्याची. आणि ६१५ चं शिखर वरून सपाट कापल्यासारखं असेल तर डिटेक्टर भरून वाहतोय. स्लिट (प्रकाश आत सोडणारी फट) ५ वरून २.५ नॅनोमीटर करा.

युरोपियम कॅल्शियमच्या जागी नीट बसलं असेल तर ६१५ ची रेषा ५९२ पेक्षा कितीतरी पटींनी उंच असते, कारण त्या जागेला उलट-सममिती (केंद्राच्या आरपार दोन्ही बाजूंना सारखीच मांडणी) नाही. दोन्ही रेषा जवळपास सारख्या आल्या तर युरोपियम दुसरीकडे कुठेतरी बसलंय. युरोपियमऐवजी दुसरा डोपंट घेतला असेल, तर डिस्प्रोशियमसाठी ४८० च्या आसपास निळी आणि ५७५ ला पिवळी रेषा बघा. समेरियमला ४०५ ने उत्तेजित करा. सेरियम टाकून टंगस्टेटमध्ये चमक शोधू नका. त्याचा इलेक्ट्रॉन टंगस्टनकडे सरकतो आणि उजेड विझतो.

हे सगळं ठीक निघालं तरच डोपंटच्या प्रमाणाकडे या. ०.५, १, २, ३, ५, ८ टक्के अशी मालिका एकाच दिवशी, एकाच भट्टीत, एकाच कच्च्या मालातून करा. डोपंट फार झाला की त्याचे अणू जवळ येऊन एकमेकांची चमक विझवतात. डिस्प्रोशियम आणि समेरियम युरोपियमपेक्षा खूप लवकर विझतात. ती १ च्या आसपास तपासा. विझण्याचं अंतर (चमक विझू लागते तेव्हाचं दोन डोपंट अणूंमधलं अंतर) काढताना एककोशाचं (स्फटिकातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान तुकड्याचं) घनफळ ३१२.७ घन अँगस्ट्रॉम आणि कॅल्शियमच्या जागा ४ धरा. ५ टक्क्यांना अंतर सुमारे १४.४ अँगस्ट्रॉम येतं. विनिमय क्रियेला (अणूंची जवळून होणारी ऊर्जेची देवघेव) साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या आतलं अंतर लागतं आणि हे त्यापेक्षा खूप मोठं आहे, म्हणून प्रोजेक्टमध्ये 'विनिमय क्रिया' लिहू नका. बहुध्रुवी (लांबून, विद्युत प्रभावाने होणारी) परस्परक्रिया लिहा.

स्फटिक वाढवणाऱ्यांसाठी एवढंच: वितळातून ओढलेला स्फटिक रंगीत आला तर हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये सावकाश तापवून ऑक्सिजन भरून काढा. भेगा पडल्या तर थंड करण्याचा वेग कमी करा, कारण दोन अक्षांवर हा स्फटिक सारखा आकुंचन पावत नाही.

चांगली निघालेली बॅच संपवू नका. त्यातली अर्धा ग्रॅम पावडर झाकण मेणाने बंद करून काळ्या डबीत ठेवा आणि तारखेसह भाजणीचे तास व पाण्याचा टीडीएस चिठ्ठीवर लिहा. पुढची बॅच फिकी वाटली की दिवा, डोळे आणि नमुना यांतलं काय बदललंय ते या डबीशी तुलना केली की कळतं.